विश्लेषण : जुना ट्रक नवा करताना नट-बोल्टचा हिशेब का हवा?

जुना ट्रक पुन्हा उभा करायला किती खर्च आला, हे मालक सांगतो तेव्हा त्यात इंजिन, टायर, डेन्टिंग-पेंटिंग, सीटचे कापड असे सगळे येते. नट-बोल्ट, वायसर आणि रबर बहुधा ‘किरकोळ’मध्ये जातात. पण केबिन चासीवर, इंजिन फाउंडेशनवर, ॲक्सल पाट्यांखाली आणि हौदा चासीवर धरून ठेवतात ते हेच किरकोळ सामान. रंग उडाला तर गाडी वाईट दिसते, एवढेच. यू-बोल्ट सुटला तर ॲक्सल जागा सोडतो आणि गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही. म्हणून जुन्या वाहनाच्या पुनरुज्जीवनात या जोडणीच्या सामानाची लेखी नोंद सक्तीची करावी, असे या लेखाचे म्हणणे आहे.

मुंबईच्या उपनगरांचा याच्याशी काय संबंध?

जवळचा संबंध आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात होता. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून तिथे डॉज आणि फार्गो ट्रकची जुळणी झाली. पुढे फियाट आणि पद्मिनी मोटारी आल्या. कारखान्याची आठवण कुर्ल्याच्या ‘प्रीमियर रोड’ या नावात उरली आहे. भांडुपमध्ये ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा स्कूटर बनवली. कांदिवलीत महिंद्रचा कारखाना उभा राहिला आणि विलिस जीपच्या वंशातील गाड्यांनी व एफसी-१५०, एफसी-१६० या छोट्या ट्रकनी महाराष्ट्रातील गावे पाहिली. त्याआधी, १९२८ मध्येच, जनरल मोटर्सने शिवडीत जुळणी सुरू केली होती.

कारखाने गेले, कारागिरी मात्र राहिली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या सुट्या भागांची दुकाने, अंधेरीच्या मरोळ-साकीनाका पट्ट्यातील लेथचे गाळे आणि एलबीएस मार्गावर घाटकोपर ते मुलुंडपर्यंत विखुरलेली गॅरेजे या साखळीवरच आजही जुन्या गाड्या जगतात. बोल्ट हवा तर मस्जिद बंदरची नागदेवी स्ट्रीट, सुटे भाग हवे तर ऑपेरा हाउस, हा रस्ता उपनगरातल्या मिस्त्रींना पाठ असतो.

एकाच गॅरेजात तीन प्रकारचे आटे का?

आपल्याकडे ट्रक तीन दिशांनी आले आणि प्रत्येकाने आपापले आटे आणले. ब्रिटिश परंपरेच्या जुन्या गाड्यांत व्हिटवर्थ आणि त्याचे बारीक रूप असलेले बीएसएफ आटे सापडतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंश असतो. डॉज, फार्गो, जीप या अमेरिकन वंशाच्या गाड्यांत ६० अंशांचे इंची आटे. तर टाटा आणि डायम्लर-बेंझ यांच्या १९५४ मध्ये सुरू झालेल्या आणि १५ वर्षे चाललेल्या करारातून जमशेदपूरला तयार झालेल्या ट्रकमध्ये जर्मन मेट्रिक आटे.

अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये ‘युनिफाइड’ आटे स्वीकारले. पण जुन्या गाड्या, जुने साठे आणि जुन्या सवयी लगेच बदलल्या नाहीत. त्यात सत्तर वर्षांत प्रत्येक ट्रकवर अनेक हातांनी दुरुस्ती केलेली असते. त्यामुळे गाडी अमेरिकन असली, तरी तिच्यातला प्रत्येक बोल्ट अमेरिकनच असेल याची खात्री नाही.

घोटाळा होतो तो जवळच्या मापांत. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे असतात, तर अमेरिकन जाड आट्याच्या त्याच मापाच्या बोल्टला १३. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे नीट फिरतो, मग अडतो. ‘जरा घट्ट आहे’ म्हणून लांब पाइप लावून फिरवला की आटे चिरडले जातात. पाच सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. हा बोल्ट ८ मिलिमीटरच्या नटात शिरतो, घट्टही वाटतो, पण धरलेला असतो दोन-तीन आट्यांच्या कडांवर. खड्ड्यात आदळल्यावर तो काय करील, याचा भरवसा नाही. आटे मोजण्याची कंगव्यासारखी पात्यांची गेज कोणत्याही हत्यारांच्या दुकानात मिळते. शंका आली की नट फिरवून पाहू नये, गेज लावावी.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे काय सांगतात?

मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ८.८ मधला पहिला ८ सांगतो, की तुटण्यापूर्वी हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसते. दुसरा ८ सांगतो, की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० न्यूटनपर्यंत, बोल्ट कायमचा ताणला जात नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा : १२ मिलिमीटरचा ८.८ दर्जाचा बोल्ट पावणेसात टनांच्या आसपास ताण सोसतो. दिसायला तसाच, पण ४.६ दर्जाचा बोल्ट त्याच्या निम्म्यावर तुटतो. दोन्ही एकाच पिंपात ठेवलेले असतील आणि वजनावर विकले जात असतील, तर गिऱ्हाइकाला फरक कळायला फक्त डोक्यावरचे आकडे आहेत. अमेरिकन इंची बोल्टवर आकड्यांऐवजी रेघा असतात : तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. डोके कोरे असेल, तर तो बोल्ट नंबरप्लेटला लावावा. केबिनला, फाउंडेशनला किंवा स्टिअरिंग बॉक्सला नको.

‘गंजणार नाही’ म्हणून सर्रास स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लावले जातात, तेही तपासून घ्यायला हवे. बाजारात सहज मिळणारा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ७०० न्यूटनचा असतो, म्हणजे ८.८ पेक्षा कमकुवत. शिवाय आवळताना त्याचे आटे एकमेकांत जाम होण्याची खोड असते. शोभेच्या जागी तो चालेल, भाराच्या जागी नाही.

केबिन बसवताना क्रम का महत्त्वाचा?

ट्रकची चासी ताठ नसते. ती मुद्दामच पिळली जाईल अशी बनवलेली असते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे रस्त्यावर असताना हा पीळ केबिनपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये रबराचे माउंटिंग असते. साधारण रचना अशी : वर बोल्ट आणि रुंद वायसर, मग केबिनचा पत्रा, खाली रबर, मग चासीचा ब्रॅकेट, त्याखाली दुसरे रबर, वाटीसारखे वायसर आणि शेवटी नट. या सगळ्याच्या मधून एक लोखंडी नळी जाते.

ही नळी फार महत्त्वाची. नट आवळला की वायसर नळीवर टेकते आणि रबर ठरलेल्या मापापेक्षा जास्त दाबले जात नाही. जुनी नळी गंजून गेली म्हणून ती न घालताच नट आवळला, तर रबर दगडासारखे दबते. मग चासीचा प्रत्येक पीळ थेट पत्र्यात जातो. काही महिन्यांनी दाराच्या कोपऱ्यात, काचेच्या खांबाच्या मुळाशी तडे दिसतात. दोष रंगाच्या कारागिराला दिला जातो, पण चूक झालेली असते खाली. रबराच्या जागी टायरचा तुकडा घालण्याची चाल तर गॅरेजागणिक आहे. टायरमध्ये धागे किंवा तारा असतात. तो गादीसारखा दबत नाही आणि दोन तुकडे सारखे कधीच नसतात.

क्रमही ठरलेला आहे. आधी सर्व बोल्ट हाताने, सैल बसवायचे. मग केबिन सरकवून दारांच्या फटी, बोनेटची रेघ जुळवायची. आणि मगच आलटूनपालटून, एकाच्या समोरचा दुसरा, असे आवळायचे. एक कोपरा पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात, तर शेवटचा बोल्ट भोकात ओढूनताणून बसवावा लागतो आणि केबिन कायमची पिळलेली राहते. गाडी सोडताना ब्रॅकेटवर पातळ पत्र्याच्या शिम सापडल्या, तर त्या कचरा नव्हेत. कुठल्या कोपऱ्यात किती होत्या हे लिहून ठेवायला हवे.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते : अर्थिंगची पट्टी. इंजिन आणि केबिन रबरावर बसतात, म्हणजे चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटतात. जुनी तांब्याची विणलेली पट्टी परत लावली नाही, किंवा ताज्या रंगावर लावली, तर स्टार्टरचा प्रवाह दुसरी वाट शोधतो. ती वाट कधी ॲक्सिलरेटरची केबल असते, तर कधी क्लचची. तापलेली केबल आणि धुराचा वास यांचा उगम अनेकदा इथे असतो.

पाटे, यू-बोल्ट आणि हौदा : चूक कुठे होते?

पाट्यांच्या जुडीमधून एक सेंटर बोल्ट जातो आणि त्याचे डोके ॲक्सलवरच्या भोकात बसते. ॲक्सल सरळ राहतो तो या डोक्यामुळे. जुडीला ॲक्सलवर दाबून धरण्याचे काम मात्र यू-बोल्टचे. यू-बोल्ट सैल झाले, की सगळा भार एकट्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. म्हणून एकदा आवळून ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, नवे घ्यावेत. आणि गाडी काही शे किलोमीटर चालल्यावर ते परत आवळावेत, कारण पाटे या काळात एकमेकांवर बसतात. पाट्याच्या टोकाला रबरी बुश असेल, तर त्याची पिन गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच आवळायची. जॅकवर लटकत्या पाट्याला आवळली, तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते.

हौद्याची गोष्ट निराळी. चासी आणि हौदा यांच्यामध्ये लाकडाची किंवा रबराची पट्टी असते आणि दोन्ही यू-बोल्टने बांधलेले असतात. यू-बोल्ट आवळताना चासीचा पन्हळीसारखा भाग चेपू नये म्हणून आत लाकडी किंवा लोखंडी ठोकळा घालावा लागतो. तो नसेल, तर चासीच्या कडा आत वळतात. त्याहून वाईट म्हणजे यू-बोल्टचा खर्च नको म्हणून हौदा चासीला वेल्डिंग करणे, किंवा चासीच्या वरच्या-खालच्या कडेला नवी भोके पाडणे. सर्वात जास्त ताण त्या कडांवरच असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

डिझेल टाकीच्या पट्ट्याखालचे रबर, रेडिएटरखालच्या गाद्या, प्रोपेलर शाफ्टच्या सेंटर बेअरिंगचे रबर यांनाही हाच न्याय लागू आहे. पट्टा टाकीच्या पत्र्यावर थेट घासू लागला, की वर्षभरात तिथे छिद्र पडते.

किती आवळायचे?

जुन्या मिस्त्रींच्या हाताला अंदाज असतो आणि त्याचा मान ठेवायलाच हवा. पण हाताला जाणवतो तो विरोध मुख्यतः घर्षणाचा असतो. नट फिरवायला लावलेल्या जोरापैकी साधारण दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो, बाकी सगळा घर्षणात. त्यामुळे गंजलेला बोल्ट घट्ट वाटूनही सैल असतो, तर तेल लावलेला बोल्ट तेवढ्याच जोरात प्रमाणाबाहेर ताणला जातो. टॉर्क पाना लागतो तो यासाठी.

त्यातही एककांचा गोंधळ आहेच. अमेरिकन पुस्तकात टॉर्क फूट-पाउंडांत, जर्मन वंशाच्या जुन्या पुस्तकात मीटर-किलोत, तर आजच्या पान्यावर न्यूटन-मीटरमध्ये. एक मीटर-किलो म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. ६० फूट-पाउंड म्हणजे सुमारे ८१ न्यूटन-मीटर. पुस्तकातले ६० वाचून पान्यावर ६० लावले, तर बोल्ट पाव हिश्शाने सैल राहतो आणि कुणाला कळतही नाही.

रंगाचा संबंध इथेही येतो. जोडणीच्या तोंडावर जाड रंग चढवला असेल, तर बोल्टच्या दाबाखाली तो हळूहळू चेपतो आणि तेवढी पकड कमी होते. म्हणून जिथे वायसर टेकते ती जागा रंगवताना झाकून ठेवावी. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी घालावी. नायलॉनचे लॉकनट पुन्हा वापरू नयेत. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या मुंबईत आवळून झाल्यावर उघड्या आट्यांवर मेण किंवा ग्रीसचा हात फिरवावा. आवळण्याआधी मात्र पुस्तक काय म्हणते ते पाहावे.

नियम काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, वैयक्तिक वापराची दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यात येतात. वाहन मूळ रूपात असावे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा, ही अट आहे. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाला पाच हजार. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. असे वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही.

व्यावसायिक ट्रकला हे लागू नाही. त्याला फिटनेस प्रमाणपत्र लागते : आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी.

दोन्हीकडे एक पोकळी राहते. व्हिंटेजचा नियम ‘मूळ रूप’ विचारतो, पण ते मूळ रूप कशाने बांधले आहे हे विचारत नाही. फिटनेसच्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग पाहिले जाते. पण केबिनखालच्या रबरात नळी आहे की नाही, यू-बोल्ट नवा आहे की उजळवलेला, हे गाडी जुळवून झाल्यावर बाहेरून दिसतच नाही. अंधेरी, बोरिवली किंवा वडाळ्याच्या आरटीओतील निरीक्षकाला त्यासाठी दोष देता येणार नाही. जे झाकले गेले ते तो पाहणार कसे?

मूळ बोल्ट की मजबूत बोल्ट?

पुनरुज्जीवन करणाऱ्यांत हा वाद आहे. काहींच्या मते जुन्या खुणेचा बोल्टसुद्धा इतिहास आहे, तो बदलला की गाडीची अस्सलता गेली. या भावनेत तथ्य आहे. कुर्ल्याच्या जुळणीतला एखादा बोल्ट हा या शहराच्या कारखानदारीचा पुरावाच असतो.

पण पुरावा जपायची जागा वेगळी आणि भार सोसायची जागा वेगळी. पोलाद थकते, आटे झिजतात, गंज आत शिरतो. रस्त्यावर येणाऱ्या गाडीत भाराच्या जागी त्याच मापाचा, त्याच आट्यांचा आणि किमान त्याच दर्जाचा नवा बोल्ट हवा. जुना बोल्ट चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा आणि गाडीबरोबर द्यावा. गाडी संग्रहालयात स्थिर उभी राहणार असेल, तर मात्र मूळ बोल्ट जागेवरच राहू द्यावेत. जुने भोक मोठे करून मेट्रिक बोल्ट घालणे हा तिसरा मार्ग सर्वात सोपा वाटतो आणि सर्वात वाईट आहे. त्याने अस्सलता जाते, आणि पुढच्या मिस्त्रीसाठी नवा सापळा तयार होतो.

खर्चाचा आक्षेप फारसा टिकत नाही. ट्रकभर योग्य दर्जाचे बोल्ट, वायसर आणि रबर घेतले, तरी ते रंगकामाच्या बिलाच्या जवळपास जात नाहीत. खरा खर्च वेळेचा आहे. प्रत्येक जागेचा फोटो, पुठ्ठ्यावर खोचलेले बोल्ट, वहीतली नोंद याला दिवस लागतात. गॅरेजला मात्र पैसे मिळतात ते गाडी बाहेर पडण्याचे, थांबण्याचे नाहीत.

मग काय करता येईल?

पहिली गोष्ट मालकाने करायची. काम ठरवतानाच ‘बोल्ट तक्ता’ मागावा : जागा, माप, आट्यांचा प्रकार, दर्जा, नवा की जुना, टॉर्क किती. झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक जोडणीचा झाकण्यापूर्वीचा फोटो त्यासोबत असावा. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यामुळे हे अवघड नाही. पाचशे किलोमीटरनंतर फेरतपासणी करायची हे बिलातच लिहून घ्यावे आणि तिचे पैसे गॅरेजला द्यावेत.

दुसरी गोष्ट परिवहन खात्याने करायची. व्हिंटेज नोंदणीच्या अर्जाला आणि केबिन किंवा हौदा उतरवून केलेल्या मोठ्या कामानंतरच्या फिटनेस तपासणीला हा तक्ता जोडणे बंधनकारक करावे. त्यावर गॅरेजची सही असावी. निरीक्षकाने सगळे तपासण्याची गरज नाही. चार जागा निवडून पाना लावला, तरी पुरे. सही करावी लागते म्हटल्यावर हात आपोआप सावध होतो.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. मुलुंड, बोरिवलीसारख्या ठिकाणी शासकीय आयटीआय आहेत आणि डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम जुनाच आहे. तिथल्या मुलांना आटे ओळखणे, गेज वापरणे, एककांचे रूपांतर हे एलबीएस मार्गावरच्या जुन्या मिस्त्रीकडून प्रत्यक्ष शिकता आले पाहिजे. त्या पिढीतले अनेकजण आता काम थांबवण्याच्या वयाला आले आहेत, आणि गाळ्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. व्हिटवर्थचा पाना कुठला आणि अमेरिकन कुठला, हे नुसत्या वजनावरून सांगणारा माणूस गेला, की ते ज्ञान पुस्तकातून परत मिळवायला फार वेळ लागेल.

जुने ट्रक जपावेत की भंगारात द्यावेत, यावर मतभेद असू शकतात. जो ट्रक जपायचा आणि रस्त्यावर आणायचा ठरला, त्याच्याबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. त्याच्यासमोरून आणि शेजारून जाणाऱ्यांना त्याचा रंग अस्सल आहे की नाही याने काही फरक पडत नाही. केबिन, ॲक्सल आणि हौदा जागेवर राहणे एवढेच त्यांना हवे असते, आणि तेवढे मागण्याचा त्यांना हक्क आहे.